थॅचरबाईंना ‘ओल्यां’नी पाडले नाही

प्रश्न थोडक्यात असा आहे. १९७९ साली मार्गारेट थॅचर ब्रिटनच्या पंतप्रधान झाल्या, तेव्हा त्यांच्याच मंत्रिमंडळातल्या बऱ्याच ज्येष्ठांना त्यांचे आर्थिक धोरण पटत नव्हते असे वाचायला मिळते. मग त्या साडेअकरा वर्षे टिकल्या कशा? आणि सत्ताधारी पक्षातले असे मतभेद खरेच विचारांचे असतात, की शेवटी सगळा खुर्चीचा मामला?

मी बरीच वर्षे विधिमंडळाचे वार्तांकन केले आणि पुढे तौलनिक राजकारण शिकवले. वार्तांकनात एक सवय लागते. कोण काय बोलला हे टिपून घ्यायचे, पण फाइल कोणाच्या टेबलावर आहे ते आधी बघायचे. थॅचरबाईंच्या हुजूर (कॉन्झर्व्हेटिव्ह) पक्षाच्या या प्रकरणालाही मी तीच कसोटी लावतो. म्हणून उत्तर आधीच सांगून टाकतो: विचाराने थॅचरबाईंच्या विरोधात असलेल्यांना त्यांना पाडता आले नाही. पाडले ते त्यांच्याच विचाराच्या, त्यांनीच मोठ्या केलेल्या दोन माणसांनी. ते का, हे समजले की तुमच्या दुसऱ्या प्रश्नाचेही बरेचसे उत्तर मिळते.

सुरुवात १९७९ पासून करून चालणार नाही. एडवर्ड हीथ १९७० मध्ये निवडून आले ते बाजाराला मोकळीक देण्याच्या, सरकारी आधार काढून घेण्याच्या गोष्टी करत. वर्षभरात रोल्स-रॉइस बुडायला लागली, तेव्हा तिचे राष्ट्रीयीकरण त्यांनीच केले. १९७२ मध्ये बेकारी दहा लाखांवर गेली आणि त्यांनी धोरणच फिरवले: उद्योगांना पैसा, वेतनावर आणि किमतींवर सरकारी नियंत्रण. पुढे खाणकामगारांशी संघर्ष, तीन दिवसांचा कामाचा आठवडा आणि फेब्रुवारी १९७४ मध्ये पराभव. या घसरगुंडीतून पक्षातल्या दोन गटांनी दोन उलटे धडे घेतले. एका गटाला वाटले, समाज दुभंगेल इतके ताणू नये. दुसऱ्याला वाटले, माघार घेतली हीच चूक. या दुसऱ्या गटाचे डोके होते कीथ जोसेफ. आजवर आपण स्वतःला हुजूर विचारांचे समजत होतो, पण खरे तसे नव्हतो, हे १९७४ मध्ये उमगले, असे या माणसाने नंतर जाहीरपणे सांगितले. त्यांनी आणि थॅचरबाईंनी त्याच वर्षी ‘सेंटर फॉर पॉलिसी स्टडीज’ हे धोरणविषयक अभ्यासकेंद्र काढले. फेब्रुवारी १९७५ मध्ये खासदारांच्या गुप्त मतदानात पहिल्या फेरीत थॅचरबाईंना १३० मते आणि हीथना ११९. दुसऱ्या फेरीत थॅचरबाईंनी हीथचे निष्ठावंत विली व्हाइटलॉ यांना १४६ विरुद्ध ७९ असे हरवले.

हा निकाल म्हणजे विचारसरणीचा विजय होता असे मी मानत नाही. मागच्या बाकांवरच्या खासदारांना हीथ नको होते, आणि हीथच्या निष्ठावंतांपैकी कोणी पहिल्या फेरीत उभे राहायला तयार नव्हते. १९७९ च्या मंत्रिमंडळात हीथकालीन ज्येष्ठ इतके का होते, हे यावरूनच कळते. नेतेपद बाईंचे होते, पण पक्ष अजून जुन्यांचा होता.

हे जुने म्हणजे कोण? व्हाइटलॉ, लॉर्ड कॅरिंग्टन, फ्रान्सिस पिम या तिघांनाही दुसऱ्या महायुद्धात मिलिटरी क्रॉस मिळालेला. क्रिस्टोफर सोम्स हे चर्चिल यांचे जावई. इयन गिल्मर सरंजामी घराण्यातले, ईटनचे विद्यार्थी आणि गटातले खरे विचारवंत. जिम प्रायर शेतकरी, पीटर वॉकर स्वतःच्या हिमतीवर पैसा केलेले. १९३० च्या दशकातली मंदी आणि रणांगणावरची सामान्य शिपायांची सोबत, यातून त्यांची पिढी एक गोष्ट शिकली होती: वरच्यांनी खालच्यांना सांभाळायचे, नाहीतर देशाचे दोन तुकडे पडतात. एकोणिसाव्या शतकातले हुजूर पंतप्रधान डिझरायली यांच्यापासून चालत आलेला ‘एक राष्ट्र’ विचार तो हाच. ग्रँथमच्या किराणा दुकानदाराच्या मुलीला या सांभाळण्यात मेहरबानीचा वास येत असे. वादाला वर्गाची धार होती ती इथे, आणि ती आर्थिक आकड्यांइतकीच खरी होती. बोर्डिंग शाळांच्या बोलीत लेचापेच्या मुलाला ‘ओला’ म्हणतात. थॅचरबाई आपल्या विरोधकांना तसे म्हणू लागल्या आणि विरोधकांनी ते नाव मिरवायला सुरुवात केली. त्यांचे समर्थक मग आपोआप ‘कोरडे’ ठरले.

आता फाइलींकडे येऊ. मंत्रिमंडळ २२ जणांचे. परराष्ट्र, गृह, संरक्षण, कृषी, शिक्षण ही खाती थॅचरबाईंनी सढळ हाताने जुन्यांना दिली. पण अर्थखात्यात जेफ्री हाउ, त्यांच्या जोडीला खर्चाचा हिशेब पाहायला जॉन बिफन, उद्योग कीथ जोसेफांकडे, व्यापार जॉन नॉट यांच्याकडे. आर्थिक खात्यांपैकी एकच ओल्यांच्या वाट्याला आले. प्रायर रोजगारमंत्री झाले, कारण कामगार संघटनांशी बोलू शकेल असा माणूस हवा होता. महत्त्वाचे आर्थिक निर्णय पूर्ण मंत्रिमंडळात न येता बाईंनी निवडलेल्या समितीत किंवा त्याहून लहान बैठकीत होत. जून १९७९ च्या अर्थसंकल्पात प्राप्तिकराचा वरचा दर ८३ वरून ६० टक्क्यांवर आणला आणि मूल्यवर्धित कर ८ वरून १५ टक्क्यांवर नेला. ऑक्टोबरमध्ये परकीय चलनावरची नियंत्रणे उठवली, तेव्हा देशाच्या आर्थिक इतिहासातला एवढा मोठा निर्णय मोजक्याच लोकांच्या खलबतातून निघाला होता. टेबलाभोवती बहुमत कोणाचे, हा प्रश्न विचारायची वेळच येत नव्हती.

तरीही १९८१ मध्ये ती वेळ आली. महागाई मे १९८० मध्ये २२ टक्क्यांच्या घरात पोचली होती, व्याजदर १७ टक्क्यांवर जाऊन आले होते, कारखाने बंद पडत होते. ‘आता ही बाई हीथसारखीच फिरणार’ अशी कुजबुज होती. ऑक्टोबर १९८० मध्ये ब्रायटनच्या अधिवेशनात थॅचरबाईंनी ‘तुम्हाला वळायचे तर वळा’ असे सुनावले. ते भाषण देशाला उद्देशून होते असे समजले जाते. मला ते पहिल्या रांगेत बसलेल्या स्वतःच्या मंत्र्यांसाठी होते असे वाटते.

१० मार्च १९८१ चा अर्थसंकल्प हा कळसाध्याय. मंदी ऐन भरात असताना हाउ यांनी करांचा बोजा सुमारे ४ अब्ज पौंडांनी वाढवला. महागाई दोन आकडी असूनही प्राप्तिकराची सूट जिथल्या तिथे गोठवली. अर्थसंकल्पाआधी तो मंत्रिमंडळाला त्याच दिवशी सकाळी सांगायचा, ही प्रथा. प्रायर, वॉकर आणि गिल्मर त्या सकाळी भेटले, राजीनाम्यावर बोलणे झाले आणि तिघेही आपापल्या खात्यात परतले. महिनाअखेर ३६४ अर्थतज्ज्ञांनी जाहीर निषेध केला. तरी या तिघा मंत्र्यांनी राजीनामा दिला नाही तो दिलाच नाही.

का दिला नाही? भित्रेपणा, हे सोपे उत्तर आहे, पण रणांगण पाहिलेल्या माणसांविषयी ते पटत नाही. माझ्या मते तीन कारणे होती आणि तिन्ही एकमेकांत गुंतलेली. त्यांना वाटत होते की धोरण आपल्याच वजनाने कोसळेल. मग आपण कशाला बदनाम व्हायचे? दुसरे, त्यांच्याकडे उमेदवार नव्हता. हीथ रुसून मागच्या बाकावर बसले होते आणि त्यांच्याभोवती गोळा व्हायला त्यांचे जुने सोबतीही तयार नव्हते. व्हाइटलॉ यांनी तर हरल्यानंतर नेत्याशी निष्ठा हा सैनिकी शिस्तीचा भाग मानला आणि शेवटपर्यंत पाळला. तिसरे कारण मला सगळ्यात महत्त्वाचे वाटते. ते एक गट नव्हतेच. पिम यांनी १९८० च्या शरदात राजीनाम्याची धमकी दिली ती संरक्षणखर्चासाठी. प्रायर लढत ते संघटनांविषयीचे कायदे पायरीपायरीने व्हावेत म्हणून. प्रत्येकाचा विरोध त्याच्या खात्याच्या पैशांपुरता होता. तत्त्वाची भाषा एक आणि मागण्या वेगवेगळ्या, असे झाले की अर्थमंत्र्याला एकेकाला गाठणे सोपे जाते. आपल्याकडे अर्थसंकल्पाच्या आधीच्या दिवसांत मंत्रालयात घुटमळलेल्या कोणाही बातमीदाराला हे दृश्य ओळखीचे वाटेल.

एकदाच सगळे एकत्र आले. एप्रिलमध्ये ब्रिक्स्टन आणि जुलैच्या सुरुवातीला लिव्हरपूलचे टॉक्स्टेथ पेटले. २३ जुलै १९८१ रोजी हाउ यांनी पुढच्या वर्षासाठी आणखी ५ अब्ज पौंडांची कपात मांडली आणि मंत्रिमंडळाने बंड केले. वयोवृद्ध लॉर्ड हेल्शम यांनी महामंदीच्या वेळच्या अमेरिकेच्या हूवर अध्यक्षांची आठवण काढली. पर्यावरणमंत्री मायकेल हेसल्टाइन लिव्हरपूल पाहून आले होते, ते तुटून पडले. थॅचरबाईंना खरा धक्का दिला तो बिफन आणि नॉट यांनी. हे दोघे कोरड्यांतले कोरडे, आणि तेही आता पुरे म्हणाले. पंतप्रधानांच्या बाजूने उरले हाउ, जोसेफ, खर्चखात्यात नव्याने आलेले लिऑन ब्रिटन, आणि निष्ठेपोटी व्हाइटलॉ.

ओल्यांना ही संधी होती. पण बैठक संपली, उन्हाळी सुट्टी लागली आणि १४ सप्टेंबरला फेरबदल झाला. गिल्मर, सोम्स आणि शिक्षणमंत्री कार्लाइल यांना काढले. प्रायर यांना उत्तर आयर्लंडला पाठवले. बेलफास्टहून लंडनच्या आर्थिक धोरणावर कोण काय बोलणार? त्यांच्या जागी नॉर्मन टेबिट आले, ऊर्जाखात्यात नायजेल लॉसन, पक्षाध्यक्षपदी सेसिल पार्किन्सन. गिल्मर बाहेर पडताना पत्रकारांना म्हणाले की जहाज खडकांच्या दिशेने भरधाव चालले असताना एखाद्याला समुद्रात फेकून फारसा उपयोग नाही. वाक्य अप्रतिम. पण ते बोलायची जागा मंत्रिमंडळाची खोली होती आणि वेळ मार्च महिन्याची होती.

पुढे फॉकलंडचे युद्ध झाले, महागाई उतरली, १९८३ मध्ये ३९७ जागा मिळाल्या, बाकी सगळ्यांच्या मिळून होतात त्याहून १४४ जास्त. पिम यांनी प्रचाराच्या ऐन धामधुमीत ‘प्रचंड बहुमताची सरकारे सहसा चांगली नसतात’ असे म्हटले होते. निकालानंतर ते घरी गेले. १९८५ मध्ये त्यांनी पक्षात एक मध्यममार्गी गट काढला, तोही काही दिवसांतच विरून गेला. त्याच वर्षी माजी हुजूर पंतप्रधान, म्हाताऱ्या मॅकमिलन यांनी खासगीकरणाला घरातली चांदी विकण्याची उपमा दिली. लोक हसले, आणि विक्री चालू राहिली.

इथे एक गंमत सांगायलाच हवी, कारण तुमच्या दुसऱ्या प्रश्नाशी तिचा थेट संबंध आहे. सरकारी मदतीविरुद्ध पुस्तके वाटणारे कीथ जोसेफ उद्योगमंत्री झाले आणि १९८१ च्या आरंभी तोट्यातल्या ब्रिटिश लेलँड या मोटार कंपनीला जवळपास एक अब्ज पौंड देऊन बसले. उलट वॉकर हे जाहीर भाषणांत सूचक शब्दांत पंतप्रधानांवर टीका करणारे ओले. १९८४-८५ च्या खाणसंपात ऊर्जामंत्री तेच होते, आणि आर्थर स्कारगिल यांच्या खाणकामगार संघटनेविरुद्धची लढाई त्यांनी थंड डोक्याने लढवली. ब्रिटिश गॅसही त्यांनीच विकली. थॅचरबाईंनी त्यांना १९९० पर्यंत मंत्रिमंडळात ठेवले, कारण त्यांना एक ओला आत हवा होता आणि तो कामाचाही हवा होता. म्हणून मी नेहमी म्हणतो, ज्येष्ठ नेत्याची विचारसरणी त्याच्या भाषणांतून कळते, पण तो काय करील हे त्याच्या खात्यावरून कळते.

आता पाडापाडीकडे. पहिल्या पाच-सहा वर्षांनंतर बाजार हवा की सरकार, हा वाद पक्षात जवळपास निकालात निघाला होता. नवी भेग पडली ती युरोपवरून, आणि ती पडली कोरड्यांच्याच मधोमध. लॉसन आता अर्थमंत्री होते आणि हाउ परराष्ट्रमंत्री. महागाई आवरायची तर पौंडाला युरोपीय चलनव्यवस्थेशी बांधावे असे लॉसन यांना वाटू लागले. १३ नोव्हेंबर १९८५ च्या बैठकीत त्यांनी हे मांडले. हाउ, टेबिट, ब्रिटन, व्हाइटलॉ अशी जवळजवळ सगळी खोली त्यांच्या बाजूने झुकली, एकटे बिफन विरोधात. थॅचरबाईंनी नाही म्हटले आणि विषय संपला. म्हणजे संपला असे त्यांना वाटले. १९८७ मध्ये लॉसन पौंडाचा भाव तीन जर्मन मार्कांच्या आसपास ठेवून तेच धोरण मागच्या दाराने चालवत होते.

पुढचा घटनाक्रम वेगाने सांगतो. सप्टेंबर १९८८ मध्ये बेल्जियममधल्या ब्रूजला थॅचरबाईंनी ब्रसेल्सहून चालणाऱ्या युरोपीय महाराज्याविरुद्ध भाषण केले. जून १९८९ मध्ये माद्रिदच्या युरोपीय परिषदेआधी हाउ आणि लॉसन दोघांनी मिळून, राजीनाम्याचा इशारा देत, चलनव्यवस्थेत जाण्याच्या अटी मान्य करायला लावल्या. महिनाभरात हाउ यांचे परराष्ट्रखाते काढून घेतले. ऑक्टोबरमध्ये पंतप्रधानांचे खासगी सल्लागार ॲलन वॉल्टर्स यांच्यावरून लॉसन गेले. व्याजदर तेव्हा १५ टक्क्यांवर होते. हप्ता भरणाऱ्या मध्यमवर्गाला, म्हणजे पक्षाच्या हक्काच्या मतदाराला ते झोंबत होते. त्यात डोईपट्टी आली. प्रत्येक प्रौढाने सारखाच स्थानिक कर भरायचा, ड्यूकनेही तेवढाच आणि त्याच्या माळ्यानेही. लॉसन यांनी १९८५ मध्येच लेखी विरोध केला होता. मार्च १९९० मध्ये ट्रॅफल्गार चौकात त्यावरून दंगल उसळली. ऑक्टोबरमध्ये ईस्टबर्नची सुरक्षित जागा पोटनिवडणुकीत गेली.

तीस ऑक्टोबरला सभागृहात थॅचरबाईंनी युरोपच्या योजनांना तीनदा ‘नाही’ म्हटले आणि १ नोव्हेंबरला हाउ यांनी राजीनामा दिला. १३ नोव्हेंबरचे त्यांचे भाषण मी वर्गात नेहमी वाचून दाखवतो. आवाज न चढवता, फलंदाज खेळपट्टीवर पोचतात तेव्हा कळते की कर्णधारानेच बॅटी मोडून ठेवल्या आहेत, एवढीच क्रिकेटची उपमा दिली. १९७९ पासून जो माणूस प्रत्येक निर्णयात थॅचरबाईंच्या शेजारी बसला होता, तो हे बोलत होता. त्याला ओला म्हणून झटकून टाकणे शक्य नव्हते.

पण भाषणाने सरकार पडत नाही, त्याला यंत्रणा लागते. हुजूर पक्षात नेत्याला दरवर्षी आव्हान देता येत असे आणि मतदान खासदारांचे, गुप्त. १९८९ मध्ये सर अँथनी मेयर या जवळजवळ अनोळखी ओल्या खासदाराने ते करून पाहिले होते: ३१४ विरुद्ध ३३. तेव्हा विचार होता, पण भीती नव्हती. २० नोव्हेंबर १९९० ला हेसल्टाइन उभे राहिले, तेव्हा २०४ विरुद्ध १५२. नियमानुसार ५६ मतांची आघाडी हवी होती, ती ५२ भरली. चार मते कमी पडली. त्या १५२ जणांत युरोपवादी किती आणि आपली जागा जाईल म्हणून घाबरलेले किती? दुसरा गट मोठा असणार, याविषयी माझ्या मनात शंका नाही. दुसऱ्या दिवशी थॅचरबाईंनी मंत्र्यांना एकेकटे बोलावले, बहुतेकांनी ‘तुम्ही जिंकणार नाही’ असेच सांगितले. २२ तारखेला त्यांनी पायउतार होत असल्याचे जाहीर केले.

आपल्याकडे हे असे का होत नाही, हा पुढचा प्रश्न येणारच. आपल्या पक्षांत नेत्याविरुद्ध आमदार-खासदारांचे गुप्त मतदान घडवून आणण्याची नियमित वाट जवळजवळ नाही, आणि १९८५ च्या पक्षांतरबंदीनंतर सभागृहात पक्षादेशाविरुद्ध मत देणे म्हणजे सदस्यत्व पणाला लावणे. नाराजीला आतून मार्ग मिळाला नाही की ती बाहेरचा शोधते. २०२२ मध्ये शिवसेना आणि २०२३ मध्ये राष्ट्रवादी फुटली ती कारणे वेगळी, माणसे वेगळी. पण लंडनमध्ये त्याच जागी नेता बदलला आणि पक्ष एकसंध राहिला, हा फरक यंत्रणेचा आहे. त्यांचे खासदार आपल्यापेक्षा सज्जन आहेत असे कोणी समजू नये.

राहिला खुर्ची की विचार हा मुद्दा. मला हा पर्यायच चुकीचा वाटतो. गिल्मर यांच्याकडे विचार भरपूर होता, पण खर्चावर हुकमत चालवणारे खाते नव्हते, पर्यायी नेता नव्हता आणि खासदारांना आपल्या जागांची धास्ती अजून वाटायची होती. हाउ आणि लॉसन यांच्याकडे खाती होती, प्रतिष्ठा होती, वेळ जुळून आली होती आणि विचारही होता. विचार नसता तर त्यांनी राजीनामे दिले नसते. बाकीचे नसते तर त्या राजीनाम्यांची कोणी दखल घेतली नसती.

आणि हेसल्टाइन? पाडण्याचे काम त्यांनी केले, पण गादी तेव्हाचे अर्थमंत्री जॉन मेजर यांना मिळाली. मेजर यांनी त्यांना पर्यावरण खाते देऊन डोईपट्टी गुंडाळायला लावली, आणि १९९२ मध्ये व्यापार-उद्योग दिले. त्या ऑक्टोबरच्या अधिवेशनात त्यांनी ब्रिटिश उद्योगासाठी न्याहारीआधी, दुपारच्या जेवणाआधी, चहाआधी आणि रात्रीच्या जेवणाआधी हस्तक्षेप करीन अशी गर्जना केली. टाळ्यांचा कडकडाट झाला. १३ तारखेला त्यांच्याच खात्याकडून ५० पैकी ३१ कोळसाखाणी बंद करण्याची आणि सुमारे ३०,००० लोकांना घरी पाठवण्याची घोषणा झाली. त्याविरुद्ध सर्वात जास्त आरडाओरडा केला तो त्यांच्याच बाकांवरच्या, खेड्यापाड्यांतल्या हुजूर खासदारांनी, आणि आठवड्याच्या आत सरकारला बऱ्याच खाणींचा निर्णय पुढे ढकलावा लागला.